अर्धी भरलेली बरी

परवा मावसबहिणीचा फोन आला. तिच्या नातवाला वाढदिवसाला रिमोटवर पळणारी मोठी गाडी हवी आहे. "दादा, तुमच्याकडे आहे ना तसली? कशी आहे?" मी म्हटलं, "गाडी उत्तम आहे गं, पण बॅटरीचं काय करणार आहात?" ती हसली. "बॅटरीचं काय करायचं असतं? चार्जिंगला लावायची, झालं!"

मी क्षणभर गप्प बसलो. कारण आमच्याकडे गाडी आली तेव्हा मीही अगदी हेच म्हणालो होतो. पुढे जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, लांबलचक आहे, आणि त्यात माझीच फजिती आहे. म्हणून इथे लिहितो. ती वाचेलच. तुम्हीही वाचा, कारण नातवंडं काय, सगळ्यांनाच आहेत.

तर गाडी आणली धाकट्या चिरंजीवांनी, अमेरिकेहून येताना, पुतण्यासाठी. खेळणं म्हणायला जीभ रेटत नाही असं ते धूड. हातभर लांब, मोठमोठी रबरी चाकं, आणि मैदानात सोडली की सायकलवाल्याला मागे टाकील. गाडीबरोबर खोक्यातच एक निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी होती. पण काकाला पुतण्याचं कौतुक, म्हणून त्याने जास्त दमदार अशी दुसरी एक बॅटरी वेगळी घेतली. लिथियम पॉलिमरची. या छंदातली मंडळी तिला लाडाने 'लिपो' म्हणतात. दोन सेलची, ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच. दिसायला चपट्या चॉकलेटच्या पुड्यासारखी.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. ही बॅटरी त्याने मोठ्या बॅगेत टाकली नव्हती, खांद्यावरच्या पिशवीत, टोकांना चिकटपट्टी लावून आणली होती. विमानाचा नियमच तसा आहे. सुटी लिथियम बॅटरी सामानाच्या कप्प्यात चालत नाही, प्रवाशाजवळच हवी, आणि तीही साधारणपणे १०० वॉट-अवरच्या आत. (आमची ३७ वॉट-अवरची. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, ७.४ गुणिले ५.) कारण सरळ आहे. पेटलीच, तर माणसांच्या डोळ्यांसमोर पेटावी, कुणाला काहीतरी करता यावं. विमानात जिला नजरेआड होऊ देत नाहीत, तिला आम्ही घरी आल्यावर गादीवर ठेवून चार्जिंगला लावली आणि जेवायला बसलो. असो.

आता माझा पराक्रम. उभं आयुष्य वर्गात गेलेलं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही तरी सांगायची सवय. नातवाला समोर बसवून मी बॅटरीशास्त्रावर प्रवचन दिलं. पहिला नियम: बॅटरी पूर्ण संपेपर्यंत वापरायची, अर्धवट चार्ज करायची नाही, तिला वाईट सवय लागते. दुसरा नियम: ठेवून द्यायची असेल तर फुल्ल भरूनच ठेवायची, रिकामी ठेवली की मरते. नातू गुणी. त्याने दोन्ही नियम तंतोतंत पाळले. गाडी मंद झाली की तो थांबायचा, तर मीच गॅलरीतून ओरडायचो, "अरे अजून आहे तिच्यात जीव, पळव!" गाडी मुंगीच्या पावलाने सरपटायला लागली, की मगच आमचा खेळ संपायचा.

मार्च आला. परीक्षा. सूनबाईंनी फर्मान काढलं, गाडी माळ्यावर. नातवाने आबांच्या आज्ञेप्रमाणे बॅटरी काठोकाठ भरली आणि गाडीबरोबर वर ठेवून दिली. आमचा माळा गच्चीच्या स्लॅबला लागून. एप्रिल-मेमध्ये तिथे हात घातला तर भट्टीत घातल्यासारखं वाटतं.

सुट्टी लागली, गाडी खाली आली. बॅटरी हातात घेतली तर टम्म! पुरी फुगते तशी. मी त्या पुरीवर अंगठ्याने दाबून पाहिलं. (आज हे लिहितानाही घाम फुटतो.) तेवढ्यात थोरले चिरंजीव आले. त्यांनी ते पाहिलं, माझ्या हातातून बॅटरी अलगद काढून घेतली, गॅलरीत रिकाम्या कुंडीत ठेवली आणि आत येऊन एवढंच म्हणाले, "ही गाडी आजपासून बंद. सातव्या मजल्यावर राहतो आपण."

नातवाच्या डोळ्यांत पाणी. पण तो वडिलांशी भांडला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "आबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, पूर्ण भरून ठेव म्हणून?"

मंडळी, इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलांनी मला पुष्कळ अडचणीचे प्रश्न विचारले. इतका सरळ आणि इतका बिनतोड प्रश्न आठवत नाही. चूक मुलाची नव्हती, बॅटरीची नव्हती. चुकीचा धडा मास्तरांनी शिकवला होता, आणि छातीठोकपणे शिकवला होता.

मग मी अभ्यासाला बसलो. रसायनशास्त्र माझा विषय कधीच नव्हता, पण जेवढं समजलं तेवढं सांगतो.

माझे दोन्ही नियम खोटे नव्हते. ते दुसऱ्यांचे होते. पूर्ण संपवून मग भरायचं, हा सल्ला निकेल कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. जुने चार्जिंगचे टॉर्च, जुने कॉर्डलेस फोन यांत त्या असत, आणि वारंवार अर्धवट वापरल्या तर त्यांची ताकद घटल्यासारखी होई. म्हणून त्यांना मधूनमधून पूर्ण रिकामं करत. आणि नेहमी भरलेली ठेवायची, हा नियम इन्व्हर्टरच्या शिसं-आम्लाच्या बॅटरीचा. ती रिकामी पडून राहिली की आतल्या पत्र्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती कामातून जाते. आपल्या पिढीने या दोन बॅटऱ्या सांभाळल्या, इन्व्हर्टरमध्ये इमानेइतबारे डिस्टिल्ड वॉटर घातलं, आणि समजून बसलो की आपल्याला बॅटरी कळते. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

लिपोचा स्वभाव या दोघींपेक्षा वेगळा. तिच्या आत लिथियमचे आयन दोन घरांमध्ये येजा करत असतात, दोन डेपोंमध्ये एसटीच्या फेऱ्या चालाव्यात तसे. चार्ज करताना सगळे ग्रॅफाइटच्या डेपोकडे जातात, गाडी पळवताना परत येतात. काठोकाठ भरलेली बॅटरी म्हणजे बहुतेक गाड्या एकाच डेपोत कोंबलेल्या. या अवस्थेत आतल्या द्रवावर विजेचा दाब सर्वांत जास्त असतो. तो द्रव हळूहळू विघटित होतो आणि त्याचा वायू होतो. उकाडा असेल तर हे फार भराभर होतं. आमच्या माळ्यावर दोन महिने हेच चाललं होतं.

बरं, उलट टोकही वाईटच. फार रिकामी केली तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्टसर्किटची तयारी होते. म्हणजे माझ्या "अजून आहे तिच्यात जीव, पळव!" या आरोळीने मी तिचा जीवच घेत होतो. वास्तविक हे थांबवायची सोय गाडीत होती. व्होल्टेज उतरलं की मोटर बंद करणारी. पण गाडी निकेलच्या बॅटरीसह आलेली, त्यामुळे स्पीड कंट्रोलरची निवड त्याच बॅटरीवर राहिली होती. लिपो जोडताना ती बदलायची असते, हे काकाला वाटलं आम्ही करू, आम्हाला वाटलं काकाने केलं असेल.

आकडे सोपे आहेत. एका सेलचं पूर्ण भरलेलं व्होल्टेज ४.२. ३ च्या खाली कधीच जाऊ द्यायची नाही, आणि शहाणा माणूस ३.५ च्या आसपासच थांबतो. वापरायची नसेल तेव्हा तिला ३.८ ते ३.८५ वर ठेवायची. म्हणजे साधारण अर्धी. काठोकाठही नाही, रिकामीही नाही. अति तेथे माती, ही म्हण हिला दोन्ही बाजूंनी लागू पडते.

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही म्हणाल, आमच्या मोबाइलमध्येही लिथियमचीच बॅटरी असते, आम्ही रात्रभर उशाशी लावून झोपतो, काही होत नाही. बरोबर आहे. पण मोबाइलच्या बॅटरीला रखवालदार असतो. एक छोटीशी सर्किट असते, जी जास्त भरू देत नाही, फार रिकामी होऊ देत नाही, शॉर्ट झालं तर तोडून टाकते. विजेच्या स्कूटरच्या बॅटरीलाही अशी यंत्रणा असते. रिमोटच्या गाडीच्या लिपोला सहसा ती नसते. एका झटक्यात भरपूर करंट द्यावा आणि वजन कमी असावं म्हणून ती उघडीवाघडी, बिनरखवालदाराची. त्यातून आमच्यासारखी मऊ पाकिटातली असेल तर अंगावर कवचही नाही. मग रखवालदार कोण? समोर बसलेला माणूस. दुसरं कुणी नाही.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. या छंदात गाडी मुलाची असते, पण बॅटरी घरातल्या मोठ्या माणसाची असते. ज्याला ही जबाबदारी घ्यायची नसेल त्याने लिपो घेऊ नये.

चिरंजीवांचं म्हणणं अर्थातच वेगळं होतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. ही बॅटरी पेटते तेव्हा कागद पेटल्यासारखी पेटत नाही. आतली उष्णता वाढतच जाते, एका सेलने पेट घेतला की शेजारचाही घेतो, धूर विषारी असतो, आणि विझली असं वाटून पुन्हा भडकू शकते. बंद फ्लॅटमध्ये असा धूर म्हणजे काय, ते सांगायला नको. "एका खेळण्यासाठी एवढा धोका कशाला?" त्यांनी विचारलं. दूध पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे खरंच आहे.

मी त्यांना एवढंच म्हटलं, "अरे, गाडी काढून घेतलीस तर हा काय शिकेल? धोक्याची वस्तू आली की ती दडवायची. आज बारा वर्षांचा आहे. अजून सहा वर्षांनी स्कूटर घेईल, तीही बॅटरीचीच. त्याच्या आयुष्यातली प्रत्येक वस्तू लिथियमवर चालणार आहे. तेव्हा आपण माळ्यावर काय काय टाकणार?" आपल्या घरांत पितळी स्टोव्ह होते, बंब होते. आपल्याला कुणी त्यांच्यापासून लांब ठेवलं नाही. आईने जवळ बसवून शिकवलं, पिन कशी मारायची, हवा किती भरायची, कधी सोडायची. भीती होतीच, पण तिला हातांची सवय जोडलेली होती. आजच्या वस्तूंची भीती आहे, सवय शिकवणारं कुणी नाही. आणि शिकवायला बसलेला म्हातारा जुनं पुस्तक उघडून बसलेला!

दोन दिवस अबोला, मग तह झाला. तहाची कलमं चिरंजीवांनी घातली, ती मला पटली. तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून देतो.

चार्जिंग गॅलरीत, शहाबादी फरशीवर, वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत. जवळ पडदा नाही, गादी नाही, गॅसचं सिलिंडर नाही. घरात मोठं माणूस असेल तेव्हाच, आणि त्याने तिथेच खुर्ची टाकून बसायचं. रात्री झोपताना नाही, बाहेर जाताना तर नाहीच. गाडी खेळून आली की बॅटरी आधी बाहेर काढायची, गार होऊ द्यायची, मग चार्जिंग. गाडीत जोडलेली ठेवायची नाही, कारण बटण चालू राहिलं तर ती गुपचूप तळाला जाते.

चार्जर लिपोचाच, आणि त्यावर प्रकार व सेलची संख्या दरवेळी तपासायची. करंट बॅटरीच्या क्षमतेइतकाच. ५००० एमएएचला ५ अँपिअर, त्याहून जास्त नाही. कमी चालेल, घाई काय आहे? आणि ती बारीक तीन तारांची पांढरी पिन असते ना, बॅलन्सची, ती जोडल्याशिवाय चार्जिंग सुरू करायचं नाही.

या पिनेचं महत्त्व नातवाला समजावताना मात्र माझा जुना धंदा कामी आला. त्याला विचारलं, दोन सेलची बेरीज ८.४ आली, म्हणजे सगळं ठीक का? तो म्हणाला, हो, ४.२ अधिक ४.२. मी म्हटलं, ४.४ अधिक ४.० किती? गडी थबकला. सरासरी ही फार लबाड गोष्ट आहे. वर्गाची सरासरी उत्तम असते आणि मागच्या बाकावरचा एक जण बुडत असतो, हे मास्तरांइतकं कुणाला माहीत? बॅलन्सची पिन प्रत्येक सेलला वेगळं विचारते, बाबा तुझं कसं चाललंय? म्हणून ती हवी.

खेळताना त्याच पिनेला लावायचा छोटा अलार्मही घेतला. एखादा सेल ३.५ ला आला की असा कर्कश ओरडतो की आजूबाजूचे लोक खिडकीत येतात. तो ओरडला की खेळ बंद. त्यावर आबांनी गॅलरीतून काहीही बोलायचं नाही, हे कलम सूनबाईंनी घातलं. आणि येत्या दोन-तीन दिवसांत खेळायचं नसेल तर बॅटरी सेलमागे ३.८ वर आणून, सावलीत, गार आणि कोरड्या जागी. चांगल्या चार्जरमध्ये त्यासाठी 'स्टोरेज' नावाची वेगळी सोय असते. तो दाबला की भरलेली बॅटरी तो उतरवतो, उतरलेली चढवतो आणि अर्ध्यावर आणून सोडतो.

फुगलेल्या बॅटरीबद्दल एकच नियम. ती संपली. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, "थोडीशीच फुगलीय" म्हणून एकदा लावून बघायचं नाही. आमची चार दिवस बाहेर वाळूत ठेवली, टोकांना चिकटपट्टी लावली आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात देऊन आलो. घंटागाडीत टाकायची नाही. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली की तिथेच पेटू शकते, आणि तिथे हात घालणारी माणसं आपल्यासारखीच असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसारही जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी देणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे.

विक्रेत्यांबद्दलही थोडं बोलतो. नवी लिपो घ्यायला आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीचा वेग सांगितला, टायर सांगितले, उड्या मारतानाचा व्हिडिओ दाखवला. ठेवायची कशी, हे मी विचारेपर्यंत एक शब्द नाही. खोक्यातल्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं, पण मुंगीच्या अक्षरांत आणि इंग्रजीत. गाडीबरोबर येणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये पुष्कळदा स्टोरेजची सोयच नसते, हेही कुणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की लिपो विकणाऱ्याने मराठीत छापलेला एक कागद हातात द्यावा. पाच ओळी पुरतील. औषधाच्या दुकानात "जेवणानंतर" एवढं तरी सांगतातच की!

आणि लहान मुलांसाठी घेत असाल, आठ-नऊ वर्षांच्या, तर सरळ निकेल मेटल हायड्राइड घ्या. जड असते, गाडी थोडी कमी पळते, पण हयगय बरीच पोटात घालते. मुलाला तेवढ्याने भरपूर आनंद होतो. जास्त वेगाची हौस बहुतेक वेळा काकांना असते.

आता आमच्याकडे एक वही आहे. तारीख, खेळण्याआधी आणि खेळल्यानंतर दोन्ही सेलचं व्होल्टेज, कोण शेजारी बसलं होतं. नातू लिहितो, मी सही करतो. सुरुवातीला त्याला कंटाळा यायचा. परवा त्याने स्वतःहून दाखवलं, "आबा, बघा, दुसरा सेल दर वेळी पहिल्यापेक्षा जरा जास्त उतरतोय. हा आधी दमणार." मी मागची पानं उलटून पाहिली. खरंच होतं. माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

लिथियमच्या बॅटरीचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ यांना २०१९ साली, सत्त्याण्णव्या वर्षी, नोबेल मिळालं. म्हणजे या विषयात म्हाताऱ्यांना जागा आहे. फक्त जुना धडा पुसून नवा लिहायची तयारी हवी. नातवासमोर "मी चुकलो" म्हणणं मला फार जड गेलं. पण त्यानंतर तो माझं सांगणं जास्त लक्ष देऊन ऐकतो, असं आपलं मला वाटतं.

तर मावसबहिणीसाठी उत्तर: गाडी जरूर घे. पण आधी चार्जर बघ, कुंडी बघ, आणि चार्जिंग होईपर्यंत तास-दीड तास शेजारी कोण बसणार ते ठरव. तुझ्या यजमानांना सांग. रिटायर झालेल्या माणसाला खुर्चीवर बसून एका वस्तूकडे बघत राहण्याचं काम उत्तम जमतं.

आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आधीच आहे, आणि मुलांच्या परीक्षांमुळे ती कपाटावर किंवा माळ्यावर गेली आहे, त्यांनी हे वाचून झालं की उठावं. बॅटरी खाली काढून बघावी. फुगली असेल तर ती संपली, तिला बाहेर वाळूत ठेवावी. नुसती काठोकाठ भरलेली असेल तर आजच अर्धी करावी.